पर्जन्यछायेतली बाग: कमी पाण्यावर घराभोवतीची आखणी

महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात तो ५००च्या आतबाहेर राहतो. सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक रिते होतात आणि पूर्वेकडे माण-खटाव, सांगोला, मंगळवेढा, कर्जत, आष्टी असा कोरड्या मुलखाचा पट्टा पसरत जातो. तिथे पडणारा पाऊसही सारखा पडत नाही. मृगात दोन-चार सरी येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड पडतो आणि भरवशाचा पाऊस बहुधा उत्तरा-हस्तात, सप्टेंबरात होतो. ऑक्टोबर सरला की पुढचे सात महिने, एखादा अवकाळी सोडला तर, जमीन फक्त वाळत जाते. घराभोवतीची बाग आखायची असते ती या सात महिन्यांसाठी. पावसाळ्यात तर उकिरड्यावरही हिरवे दिसते.

कमी पाण्याची बाग म्हटले की खडी पसरलेली जागा आणि तिच्यात उभे चार निवडुंग डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्याने १९८१ साली अशा बागांसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द घडवला. त्यामागची सूत्रे चांगली आहेत, पण तिकडची झाडे आणि तिकडची खडी इथे उचलून आणण्याचे कारण नाही. दख्खनच्या जुन्या घराने हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला होता. पुढे सारवलेले मोकळे अंगण आणि तुळशीवृंदावन, कडेला सावलीचा कडुनिंब, मागे परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला मेंदी किंवा निवडुंग. जिथे पाणी येते तिथेच पाणी मागणारी झाडे, हा त्या घराचा नियम होता. आजच्या प्लॉटवरची बागही याच नियमावर उभी राहू शकते.

पाण्याचा हिशेब

नकाशा काढण्याआधी पाण्याचा हिशेब मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले, एवढे एक सूत्र पुरते. समजा प्लॉट ३ गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटरचा आहे. त्यात घराचे छत १२०, गाडीची जागा आणि पायवाट मिळून ४० आणि उरलेले १४० चौरस मीटर बागेला. वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर धरला तर नुसत्या छतावर ६६,००० लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, उडणारे थेंब, गळती वजा जाता त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे ५३,००० लिटर हाती येते. बागेच्या जमिनीवर थेट पडणारे ७७,००० लिटर वेगळेच. बहुतेक घरांतून हे सगळे पाणी उताराने गटारीत जाते आणि मार्चमध्ये त्याच घरासमोर टँकर उभा राहतो.

आता खर्चाची बाजू. लॉनला भर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज किमान ५ लिटर पाणी लागते. पन्नास चौरस मीटरचे लॉन रोज २५० लिटर पिते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी १३५ लिटर धरून आखल्या जातात, तेव्हा हे लॉन जवळजवळ दोन माणसांचे पाणी एकटे घेते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत त्याला ३०,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. त्याच जागेत नव्याने लावलेली दहा झाडे आठवड्याला मिळून २०० लिटरवर जगतात. दहा कुंड्यांना रोज १५ लिटर आणि मोगरा व भाजीच्या ६ चौरस मीटरच्या वाफ्याला २४ लिटर धरले, तरी सगळी बाग दिवसाला ७० लिटरच्या आत बसते. पाच हजार लिटरची एक टाकी या बागेला सत्तर दिवस पुरेल, आणि १२० चौरस मीटरच्या छताखाली ती टाकी जवळजवळ भरायला ५० मिलिमीटरचा एक दमदार पाऊस पुरे होतो.

हे आकडे प्रत्येकाने आपल्या घरासाठी नव्याने मांडावेत. नळाला पाणी किती दिवसांआड येते, बोअर एप्रिलमध्ये किती वेळ चालते, हेही त्याच कागदावर लिहावे. फेब्रुवारी ते मे या काळात बागेला रोज खात्रीने किती लिटर देता येतील, तो आकडा म्हणजे बागेची मर्यादा. झाडांची संख्या त्या आकड्यात बसवायची. आधी झाडे आणून मग पाणी शोधत बसायची वेळ येते ती हा कागद न केल्यामुळे.

जागेची पाहणी

ऊन कुठून येते याबद्दल पुष्कळांचा अंदाज चुकतो. सोलापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही, तापते ती पश्चिमेची भिंत. दुपारी दोन ते सहा हे ऊन भिंतीत मुरते आणि रात्री घरात उतरते. म्हणून सावलीचे मोठे झाड घराच्या पश्चिमेला किंवा वायव्येला असावे. त्या झाडाच्या पूर्वेला पडणारी सावली बागेतली सगळ्यांत मोलाची जागा ठरते. कुंड्या, मोगरा, कढीपत्ता तिथे ठेवले तर त्यांचा पाण्याचा खर्च चांगलाच उतरतो. दक्षिणेची बाजू उलट हिवाळ्यात तापते. तिथे पालेभाजीचा हिवाळी वाफा चांगला होतो.

उन्हाइतकेच पाणी वारा पितो. मार्च-एप्रिलमध्ये मोकळ्या माळावरून येणारा कोरडा वारा पानांतला ओलावा शोषून घेतो. मोकळ्या वस्तीतल्या प्लॉटला ज्या बाजूने हा वारा लागतो त्या बाजूला भिंतीपेक्षा दाट कुंपण बरे. भिंतीवर आपटलेला वारा पलीकडे भोवरा घेऊन उतरतो, कुंपणातून मात्र तो गाळून, मंद होऊन येतो.

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. एक हात लांब, एक हात रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा. तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा, मग पुन्हा भरून घड्याळ लावावे. तासा-दोन तासांत पाणी गेले तर जमीन मुरमाड. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसले तर भारी काळी किंवा खाली पाषाण. मुरमाड जमीन पाणी घेते पण धरत नाही, काळी जमीन हळू घेते आणि घट्ट धरून ठेवते. चांगली काळी माती मीटरभर खोलीत झाडाला उपयोगी पडेल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवते. दहा चौरस मीटरच्या आळ्याखाली दीड ते दोन हजार लिटर! रब्बी ज्वारी याच साठ्यावर येते. पेरणीनंतर पावसाचा थेंब पडला नाही तरी ती कणसाला येते. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, आणि त्याचा मोठा भाग जमिनीतला हा ओलावा जपण्याभोवतीच फिरतो. बागेलाही तोच धडा लागू आहे. सगळ्यांत मोठी आणि फुकटची टाकी पायाखाली असते.

नव्या प्लॉटवर मात्र एक अडचण हमखास येते. बांधकाम संपले की कंत्राटदार विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचा राडारोडा तिथेच पसरून वर दोन बोटे लाल माती टाकून देतो. वरून बाग छान दिसते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात झाडे बसतात. माती टाकण्याआधी राडारोडा उचलून घ्यावा आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या वजनाने दबलेली जमीन कुदळीने किमान फूटभर मोकळी करावी. या कामाला पैसे लागतात, पण रोपांवर खर्च करण्याआधी तो इथे करावा.

पाऊस अडवण्याची रचना

बागेची जमीन पायवाटेपेक्षा आणि गाडीच्या जागेपेक्षा चार-सहा बोटे खाली असावी. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे असते. वाफे उंच, कडेला विटांची किनार आणि फरशीवरचे पाणी रस्त्यावर. फरशीचा उतार वाफ्याकडे दिला आणि किनारीत वीतभर अंतरावर एकेक वीट मोकळी सोडली, तर गाडी धुतलेले पाणीसुद्धा झाडाला पोचते. सगळीकडे काँक्रीट ओतण्यापेक्षा शहाबादी फरश्या दोन बोटांच्या फटी ठेवून, वाळूवर बसवाव्यात. फटींतून पाणी मुरते आणि फरशी उखडून पुन्हा बसवताही येते.

छताच्या पाण्याचा एक पाइप टाकीला आणि बाकीचे बागेत सोडावेत. बागेत सोडलेल्या पाइपच्या तोंडाशी दगडगोटे पसरावेत, नाहीतर पहिल्याच पावसात घळ पडते. तिथून उथळ, पसरट चर काढून पाणी मोठ्या झाडांच्या आळ्यांपर्यंत न्यावे. चर वीतभर खोल आणि दोन हात रुंद असला की पुरे. त्यात पाणी थांबते, पळत नाही. हा चर घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर असावा. काळ्या जमिनीत तर हे अंतर काटेकोरपणे पाळावे. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि पायाजवळ हा खेळ चालू झाला की भिंतींना तडे जातात. चर भरून वाहू लागला तर जादा पाणी कुठून बाहेर जाईल, हेही आधीच ठरवावे. साठवलेली टाकी पूर्ण झाकलेली आणि तोंडाला बारीक जाळी लावलेली हवी, म्हणजे डास होणार नाहीत.

पाण्याचे तीन पट्टे

आता नकाशा. कागदावर घर काढून बागेचे तीन पट्टे पाडावेत. पहिला पट्टा रोजच्या पाण्याचा, दुसरा आठवड्याच्या पाण्याचा आणि तिसरा दोन वर्षांनंतर फक्त पावसावर जगणारा. पहिला पट्टा दाराशी, मोरीशी, नळाशी. तो सगळ्यांत लहान असावा, बागेच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नको. तुळस, मोगरा, कढीपत्ता, कोथिंबीर-मेथी, अबोली अशी रोज हात लागणारी झाडे इथे येतात. रोज नजर पडत असल्याने पाणी कमी-जास्त झालेले लगेच कळते. दुसऱ्या पट्ट्यात लिंबू, डाळिंब, जास्वंद, पारिजातक, जाई-जुई. तिसरा पट्टा कुंपणाच्या कडेने आणि पश्चिमेला, आणि निम्म्याहून अधिक बाग त्यातच जावी.

पट्ट्यांची सरमिसळ करू नये. कण्हेरीशेजारी गुलाब लावला की गुलाबासाठी रोज पाणी जाते. कण्हेरीला ते नको असते आणि गुलाबाला पुरत नाही.

लॉनबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. या हवेत घरापुढे लॉन करू नये. मुलांना खेळायला, कोणी आले तर खुर्च्या टाकायला मोकळी जागा हवी असते, आणि ती मुरूम दाबून किंवा माती चोपून केलेल्या अंगणाने उत्तम भागते. हिरवे काही पायाखाली हवेच असेल तर दहा-बारा चौरस मीटरपुरती, झाडाच्या हलक्या सावलीत, देशी हरळी राखावी. उन्हाळ्यात ती वाळून पिवळी पडते. पडू द्यावी. मुळे जिवंत असतात, मृगाच्या सरीबरोबर ती आपोआप हिरवी होते. हीच हरळी वाफ्यात शिरली तर काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून तिच्याभोवती वीतभर खोल उभ्या फरशीची आड घालून घ्यावी.

झाडांची निवड

कोरड्या मुलखातली झाडे उन्हाळा दोन-तीन तऱ्हांनी काढतात, आणि ही तऱ्हा ओळखली की निवड सोपी होते. काही झाडे उन्हाळ्यात झोपतात. बोराचे झाड मार्च-एप्रिलमध्ये पाने गाळते. तेव्हा त्याची छाटणी करतात, पावसाबरोबर नवी फूट येते, श्रावण-भाद्रपदात फुलोरा आणि थंडीत फळ. त्याचा सगळा संसार पाऊस आणि मागे उरलेली ओल यांवर चालतो. टंचाईच्या महिन्यांत त्याला पाणीच लागत नाही. सीताफळही असेच. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते निष्पर्ण होते आणि फळ पावसाळ्याच्या शेवटी येते. आवळ्याचे फळ वसंतात धरते, पण पाऊस येईपर्यंत बारीक दाण्याएवढेच निजून राहते. फळझाड निवडताना गोडी आणि आकार पाहण्याआधी हे वेळापत्रक पाहावे. आंबा, चिकू, नारळ यांची तहान नेमकी एप्रिल-मेमध्ये वाढते, म्हणून घराला एखाद्याचा लळा असला तर एकच लावावे आणि ते दुसऱ्या पट्ट्यात, मोरीच्या वाटेवर.

दुसरी तऱ्हा खोल मुळांची. कडुनिंब, हिवर, करंज, चिंच, आपटा यांची मुळे खाली ओल शोधत जातात. कडुनिंब तर ऐन एप्रिलमध्ये कोवळी पालवी आणि मोहोर घेऊन उभा राहतो. लहान प्लॉटला मात्र चिंच किंवा करंज लावून नंतर दर वर्षी फांद्या तोडण्यात अर्थ नाही. तीन गुंठ्यांत एक कडुनिंब आणि एखादा आपटा किंवा बहावा पुष्कळ झाला. बहावा एप्रिल-मेमध्ये पाने टाकून पिवळ्या घोसांनी लगडतो, तोही पाण्यावाचून. मुळे भिंतीत शिरू नयेत म्हणून मोठे झाड घरापासून वीस फुटांवर असावे.

तिसरी तऱ्हा साठवणीची. चाफ्याच्या जाड, दुधाळ फांद्या, कोरफडीची पाने, कांडवेलीची चौकोनी कांडी, घायपाताचे पाते यांत पाणी साठलेले असते. यांना जास्तीचे पाणी दिले तर ती सडतात. कोरफड काळ्या मातीत लावायची तर वाफा फूटभर उंच करून निम्मा मुरूम मिसळावा लागतो.

झुडपांत तरवड हे या मुलखाचे आपले फूल. माळावर, रस्त्याकडेला, कोणी न लावता पिवळेधमक फुलते, पण रोपवाटिकेत सहसा मिळत नाही. थंडीत वाळलेल्या शेंगा गोळा करून बी रात्रभर गरम पाण्यात भिजवून पेरावे लागते. त्याच्या जोडीला निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, मेंदी, कण्हेर, बोगनवेल आहेत. बोगनवेलीला पाणी कमी पडले की फूल जास्त येते. पाणी आणि शेणखत यांचा मारा केला की ती नुसती पाने आणि काटे वाढवत जाते. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. रांगती मुले असलेल्या घरात ती लावू नये. मोकळ्या कुंपणाच्या घराला आणखी एक हिशेब करावा लागतो, तो शेळ्यांचा. निर्गुडी, अडुळसा, रुई, कोरफड यांना शेळी सहसा तोंड लावत नाही. बाहेरच्या ओळीत हीच झाडे असली की आतले डाळिंब वाचते. काटेरी आड हवी असेल तर करवंद उत्तम, आणि मुलांना वैशाखात करवंदे मिळतात.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो पाण्याचा भोक्ता समजला जातो, पण त्याला वर्षातून एकदा तहान हवी असते. डिसेंबरमध्ये पाणी तोडावे, पाने गळू द्यावीत, जानेवारीत छाटणी करून मुळांजवळची माती हलकेच मोकळी करावी, शेणखत घालावे आणि महिनाअखेर पहिले पाणी द्यावे. मार्चपासून कळ्या लागतात. बारमाही पाणी मिळालेला मोगरा हिरवागार आणि वांझ राहतो. हा ताण देण्याचे तंत्र डाळिंबाच्या आणि लिंबाच्या बागाईतदारांना पुरते ठाऊक असते. घरच्या झाडांवर ते वापरायला लोक घाबरतात, एवढेच.

झटपट हिरवे दिसावे म्हणून अलीकडे कोनोकार्पसच्या रांगा लावल्या जातात. ते वाढते खरे, पण त्याची मुळे पाइप आणि गटारी शोधत जातात आणि पक्ष्यांना-फुलपाखरांना त्याचा उपयोग नाही. घाणेरीचे रंगीत प्रकारही कुंपणाला लावू नयेत. पक्ष्यांच्या विष्ठेतून ती माळभर पसरते.

लागवड आणि पहिली दोन वर्षे

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत. झाडाला दोन फूट लांब, रुंद, खोल. झुडपाला त्याच्या निम्मा. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला काढून, भरताना वरची माती तळाशी घालावी. चार घमेली मातीला एक घमेले कुजलेले शेणखत पुरते. न कुजलेले शेण घातले तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी.

रोप लावायचे ते पहिल्या सरीला नव्हे. जमीन वीतभर खोल भिजल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या पावसानंतर लावावे. रोप लहान, हातभर उंचीचे घ्यावे. सहा-सात फुटी रोपाची मुळे पिशवीत गोल फिरून गुंडाळलेली असतात आणि नव्या जमिनीत ती सरळ जात नाहीत. दोन वर्षांत लहान रोप त्याला गाठते, बहुधा मागेही टाकते. पिशवी कापल्यावर मुळांची गुंडाळी दिसली तर बोटांनी सोडवावी, फार घट्ट असेल तर बाजूने कात्री चालवावी.

आळे दुहेरी करावे. बुंध्याशी मातीचा छोटा उंचवटा आणि त्याच्याभोवती पाण्याची गोल चारी. पाणी बुंध्याला लागून राहिले की साल कुजते. शिवाय पाणी पिणारी बारीक मुळे फांद्यांच्या टोकाखाली असतात. झाड वाढेल तशी चारी दर वर्षी बाहेर सरकवत न्यावी. वाढलेल्या झाडाच्या बुंध्याशी बादली ओतणे म्हणजे पाणी वाया घालवणे आहे.

जुलै-ऑगस्टचा खंड पंधरा दिवसांवर गेला तर नव्या रोपांना पाणी द्यावेच लागते. आकाशात ढग असतात म्हणून विसर पडतो आणि रोपे मरतात ती याच दिवसांत. पहिल्या उन्हाळ्यात झाडाला आठवड्याला २० लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी ४० लिटर, तिसऱ्या वर्षी तिसऱ्या पट्ट्यातले पाणी बंद. रोज तांब्याभर पाणी दिलेल्या झाडाची मुळे वरच्या चार बोटांत पसरतात आणि मग ते झाड कायम त्या तांब्यावर अवलंबून राहते. भरपूर, खोल आणि उशिरा उशिरा दिलेले पाणी मुळांना खाली नेते.

पाणी देण्याच्या रीती

ठिबक घरच्या बागेला चांगले, पण ते पट्ट्यांप्रमाणे वेगवेगळे असावे, प्रत्येकाला आपला व्हॉल्व्ह. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर रोपाच्या दोन बाजूंना लावले तर अडीच तासांत २० लिटर पडतात. काळ्या मातीत ताशी २ लिटरचा ड्रिपर आणि दुप्पट वेळ बरा, कारण पाणी हळू आत जाते. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खार धरतो. महिन्यातून एकदा प्रत्येक थेंब पडतो का हे वाकून पाहिले पाहिजे. ठिबक लावून निर्धास्त झालेल्या घरांत झाडे वाळली की मगच नळी तुंबल्याचे कळते. पाणी सकाळी उजाडताना किंवा दिवेलागणीनंतर द्यावे.

वीज आणि नळ्या नको असतील तर मडके. ही रीत फार जुनी आहे. चीनमध्ये इसवीसनपूर्व पहिल्या शतकातल्या शेतीच्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. सात-आठ लिटरचे, रंग न दिलेले, भाजलेल्या मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, भरावे आणि झाकण घालावे. भोवतालची माती कोरडी असेल तसे पाणी भिंतीतून झिरपते, माती ओली असली की थांबते. आठवड्यातून एक-दोनदा भरले की काम झाले. घरात फुटायचा राहिलेला जुना माठ यासाठी वापरावासा वाटतो, पण ज्या माठात पाणी गार होईनासे झाले आहे त्याची छिद्रे क्षाराने बुजलेली असतात, तो झिरपणार नाही. नवे मडके पुरण्याआधी भरून रात्रभर सावलीत ठेवावे. सकाळी बाहेरून हात लावला आणि ओलसर गारवा लागला तर ते चांगले.

न्हाणीचे पाणी ही या बागेची रोजची मिळकत. चार माणसांच्या घरातून दिवसाला शंभर-दीडशे लिटर सहज निघते. ते वाळू आणि खडीच्या छोट्या खड्ड्यातून गाळून अळू, केळ, कर्दळ यांना द्यावे, तिथून पुढे नारळ-लिंबाला. साबणाचे पाणी चालते, पण कपड्यांच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीची वीण मोडतो. माती चिकट होते आणि वाळली की दगडासारखी. पावडरीचे पहिले पाणी गटारीत सोडून खळबळल्याचे पाणी तेवढे बागेत घ्यावे. आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी क्षारांनी भरलेले असते. फरशी पुसायला ठीक, कुंड्यांना नको. साबणाचे पाणी साठवून ठेवू नये, त्याच दिवशी जिरवावे, आणि पालेभाजीवर घालू नये.

आच्छादन आणि उन्हाळ्यातली देखभाल

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की जमीन ओली असतानाच आच्छादन घालावे. मार्चमध्ये घातलेले आच्छादन कोरड्या जमिनीवर पांघरूण घालते, त्याचा फायदा निम्माच. कडुनिंबाचा पाला, उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले, तुरीच्या काटक्या, जे जवळ मिळेल ते चार बोटे जाड पसरावे, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. बागेतला पाला जाळणाऱ्या घराने आपली ओलच जाळलेली असते. खडीचे आच्छादन कोरफड-चाफ्याच्या वाफ्यात शोभते, पण पश्चिमेच्या भिंतीशी घातले तर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते.

काळ्या जमिनीला जानेवारीपासून भेगा पडतात. त्यांतून खालची ओल उडते आणि बारीक मुळे तुटतात. आच्छादन हलवून भेगांत भुसभुशीत माती सारावी आणि वरचा दोन बोटांचा थर खुरप्याने मोकळा ठेवावा. रब्बी ज्वारीत कोळपे फिरते ते तणाइतकेच याच कारणासाठी.

उन्हाळ्यात खत घालू नये, छाटणीही बोरासारखे अपवाद सोडून टाळावी. दोन्हींमुळे कोवळी फूट येते आणि तिला पाणी लागते. दुपारी मलूल झालेली पाने पाहून लगेच पाणी घालू नये. संध्याकाळी किंवा सकाळी ती ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळीही मान टाकलेली असेल तर मात्र त्याच दिवशी पाणी द्यावे. आपटा, बहावा, सीताफळ उघडे पडले म्हणून ते मेले असे समजू नये. फांदीची साल नखाने खरवडून पाहावी, आत हिरवे असले की झाड जिवंत.

काही वर्षी पाणी अगदीच संपते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षासाठी पाणी कोणाचे आधी तोडायचे याचा क्रम बाग आखतानाच ठरवून ठेवावा. आधी हंगामी फुले आणि भाजीचा वाफा, कारण ती पुढच्या पावसात पुन्हा पेरता येतात. मग कुंड्या, त्या पश्चिमेच्या झाडाच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवाव्यात, तुळस आणि कढीपत्ता तेवढा राखावा. मग झुडपे, ती निम्मी छाटून टाकावीत, म्हणजे पाने कमी होऊन तहान उतरते. सगळ्यांत शेवटी मोठी झाडे. त्यांना दहा-बारा वर्षे गेलेली असतात. मार्चअखेर एकदा आणि एप्रिलअखेर एकदा, फांद्यांच्या टोकाखालच्या चारीत, रात्रीच्या वेळी शंभर-दीडशे लिटर पाणी हळूहळू सोडून वर पाचट पसरले, की मोठे झाड मृगापर्यंत तग धरते.